जाहिरातीतली आई

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?

सिन्ने! अगं, तू होय. धस्स झालं बघ काळजात… नाही, नाव नाही बघितलं. चष्मा सापडत नाहीये. अंधारात बसलेय मी.

अंधारात म्हणजे दिवे घालवलेत. सगळे. खिडकीतला नाताळचा तारासुद्धा… वीज नाही गेलेली. मीच घालवलेत. अगं, हळू बोलतेय ते मुद्दाम. अंगणात माणूस आहे.

माणूस गं, माणूस!… छे, गुनवोरचा नवरा कसा असेल? शेजाऱ्याला ओळखत नाही होय मी? हा परका आहे. सकाळपासून फाटकाशी गाडी लावून बसला होता. म्हटलं, जाहिरात बघून आला असेल आणखी एक, फुलं ठेवेल नि जाईल. पण आता उतरून आत आलाय. लाकडांच्या शेडपाशी उभा आहे.

करत काहीच नाहीये. तेच तर! नुसता उभा आहे नि वाटेकडे बघतोय.

ईविन?… नाही, अजून नाही पोचला. फोन उचलत नाही तुझा? अगं, वरच्या वळणावर रेंज नसते ना… कुठल्या फेरीबोटीने निघाला?… मग यायलाच हवा एवढ्यात. सिन्ने, मला त्याचीच काळजी आहे. माझं काही नाही गं. हा बाहेरचा माणूस माझ्या पोराची, ईविनचीच वाट बघतोय.

अगं, त्यानेच सांगितलं ना! दुपारी दार वाजवलं. मी नाही उघडलं. तर दारातूनच म्हणतो, "घाबरू नका, आई. मी आलोय. आज गुरुवार, तो धमकवायला येईल ना, मी त्याला तुमच्यापर्यंत पोचूच देणार नाही." आई म्हणाला मला. पन्नाशीचा बाप्या असेल चांगला. आवाज इतका गोड की अंगावर काटा आला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग परत गाडीत जाऊन बसला.

हो, हो… पोलिसांना केला फोन. तो अंगणात येऊन उभा राहिला तसा केला. पण चौकी तुमच्या काठाला. फ्योर्डची खाडी ओलांडून यायचे ते, फेरी मिळेल तेव्हा. निघतो म्हणाले.

काय?… बोल ना, थांबलीस का? तुला जे म्हणायचंय ते म्हण. मीच होकार दिला जाहिरातीला, असंच ना? दिला. आता काय करू? पण अगं ऐक ना, मी जे बोलले ते तसं नव्हतंच. तुला कधी नीट सांगितलंच नाही मी. तूही विचारलं नाहीस. अबोला धरून बसलीस.

बरं, नव्हता अबोला. आता ऐकतेस का? बोलत राहिले की जरा धीर येतो. मी पडद्याआडून नजर ठेवून आहे. हलला नाहीये तो.

ती विल्डे आली होती ना, जाहिरात करणारी मुलगी. ऑक्टोबरात. काय लाघवी पोरगी! वॉफल खाल्ले, वरून ब्राऊन चीज मागून घेतलं, ट्रिग्वेच्या खुर्चीला हात नाही लावला. स्टुलावर बसली. म्हणाली, तुम्ही नुसती कॉफी करा, आम्ही इथे आहोत हे विसरूनच जा. मी कॉफी केली. दोन कप काढले… अगं सवयीने! तुझे सासरे जाऊन चार वर्षं झाली, माझा हात अजून दोनच कप काढतो. तिने विचारलं, दुसरा कप कोणाचा? मी म्हटलं, माझ्या ट्रिग्वेचा. तो इथे खिडकीशी बसायचा. आता तो येत नाही, पण मी कप काढते.

एवढंच, सिन्ने. देवाशपथ एवढंच बोलले. ट्रिग्वेचं नाव स्वच्छ घेतलं होतं मी. त्यांनी नाव तेवढं कापलं. राहिलं काय? "तो इथे खिडकीशी बसायचा. आता तो येत नाही." आणि मी ते बोलताना पडद्यावर भिंतीवरचा फोटो. कोणाचा? आपल्या ईविनचा. शाळेचं दप्तर पाठीला लावलेला. झालं! नवरा गेलेली बाई होते, पोराने टाकलेली आई झाले.

मग जाहिरातीत ती शेजारची मुलगी येते, कॉफीचं पाकीट घेऊन. बर्फातून चालत. ते वाजवतात काहीतरी व्हायोलिनवर, आणि शेवटी कंपनीचं नाव. टूनेस कॉफी, कोणीतरी यायलाच हवं… हो, तेच ते, पोरंटोरंही म्हणतात आता.

तुला सांगू? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही रडले. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पोराने घेऊन दिलेल्या टीव्हीसमोर बसून मला माझी दया आली. म्हटलं, अरेरे, बिचारी म्हातारी! आणि तेवढ्यात हाच ईविन मागून म्हणतो, आई, कचरा टाकून आलोय, अजून काही आहे का? आम्ही दोघं हसलो तेव्हा. इतके हसलो!

थांब… नाही, काही नाही. पाय बदलला त्याने. बर्फ वाजला.

लोक चांगलेच वागले गं माझ्याशी. वाईट म्हणत नाही मी. मोजे आले, किती मोजे! ट्रोम्सोवरून कोणीतरी वाळवलेला मासा पाठवला. दुकानात बायका मिठी मारायच्या. ती गल्ल्यावरची पोरगी तर कॉफी फुकट देऊ लागली. कॉफीही तीच हं, टूनेसचीच. आधी कोणी विचारत नव्हतं तिला, आता मांडणी रिकामी. माझ्यासाठी पितात म्हणे सगळे. पितात कॉफी, आणि त्यांना वाटतं माझ्याजवळ येऊन बसलेत.

मग कोणीतरी शोधून काढलं, मुलगा कोण, नि गुरुवारी येतो तेही; आईला धमकवायलाच येतो म्हणे. फेरीबोटीवर गाड्या लावून घेतो तो ईविन… हो, माहीत आहे मला, त्या बाईने काच खाली करून थुंकलेलं. त्याने नव्हतं सांगितलं. गुनवोरने सांगितलं. आणि टायर फाडले ते? तेही त्याने खिळा लागला म्हणून सांगितलं मला. खिळा चारही चाकांना लागतो का?

आणि तुझी टिरिल?… आजही नाही गेली शाळेत? काय म्हणतात गं पोरं तिला?… नको. नको सांगूस. बास.

मी फोन केला होता विल्डेला. रागावून केला होता! म्हटलं, पोरी, सगळ्यांना सांग खरं काय ते. तो माणूस म्हणजे माझा नवरा, तो वारलाय. माझं पोरगं दर गुरुवारी येतं. तर म्हणते कशी, "बोर्गहिल्ड, लोक किती जोडले गेलेत तुमच्याशी! आता असं सांगितलं तर त्यांना फसल्यासारखं वाटेल. मन मोडेल त्यांचं." त्यांचं मन! मग म्हणते, आपण पुढचा भाग करू. ईस्टरला मुलगा परत येतो, आई दार उघडते. ईविन तयार नसेल तर नट घेऊ.

नाही गं! हो कसं म्हणेन? फोन आपटला मी. पण नंतर बसून विचार करत राहिले… खरं सांगते, विचार केला. म्हटलं, गोष्टीनेच लागलेली आग, गोष्टीनेच विझत असेल तर… नाही, नाही म्हटलं. अजून तरी नाही म्हटलं.

श्श्. थांब. थांब, सिन्ने.

उजेड दिसतोय. खालच्या वाटेवर… कपाळावरचा दिवा. ईविनच तो. त्याची चाल ओळखते ना मी. पिशवी आहे हातात. खाली मान घालून येतोय, त्याला काही दिसत नाहीये.

तो माणूस हलला. शेडमधून काहीतरी… हातात काहीतरी आहे त्याच्या. लांब. सिन्ने, कुऱ्हाड तिथेच असते गं, ओंडक्यात रोवलेली! अंधार आहे, मला दिसत नाही नीट, पण लांबच आहे काहीतरी, वर धरलंय…

नाही, मी जाणार. ओरडू नकोस. मग काय करू, काचेतून बघत राहू? पोलीस येईतो काय व्हायचं ते होऊन जाईल. बूट… कुठे गेले बूट… राहू देत. फोन चालूच ठेवते. हातातच धरते. तू ऐक फक्त. काही झालं तर तू ऐकलेलं असेल.

…अहो! अहो, ऐका! इकडे बघा, इकडे!

ईविन! तिथेच थांब! पुढे येऊ नकोस, बाळा. तिथेच… फाटकाबाहेर!

अहो, हात खाली करा. काय आहे तुमच्या हातात?… काय?

फोन?

सिन्ने… कुऱ्हाड नाहीये. काठीला लावलेला फोन आहे. फोन आहे गं नुसता. देवा… मला वाटलं…

अहो, तो फोन कशाला धरलाय वर?… कोण बघतंय?… आत्ता? आत्ता बघतायत?… किती?

सिन्ने, ऐकलंस? तो दाखवतोय हे सगळं. जसं घडतंय तसं. हजारो लोक बघतायत म्हणे, आपलं अंगण. कॉम्प्युटर लाव, शोध, दिसेल तुला… जाहिरातीचं नाव टाक ना, सापडेल.

हे बघा, तो माझा मुलगा आहे. दर गुरुवारी येतो. ती लाकडं त्याने फोडलीत, तुम्ही ज्यांना टेकून उभे होतात ना, ती… काय? डोळ्यांनी पाहिलंत? काय पाहिलंत डोळ्यांनी? जाहिरात पाहिलीत तुम्ही. कॉफीची जाहिरात!… घाबरून बोलतेय? हो, घाबरलेच आहे मी. पण त्याला नाही. तुम्हाला घाबरलेय. तुम्हाला!

ईविन, नको. हात खाली कर. खाली कर म्हणते ना! सगळे बघतायत ते. तू नुसता ढकललास तरी उद्या तेवढंच दाखवतील… हो, कळतंय मला. तू सकाळपासून राबून आलायस, नि तुझ्याच आईच्या दारात… कळतंय रे. पण हात खाली.

सिन्ने, सापडलं?… आम्ही दिसतोय? काय लिहितायत?… वाच… "बघा, आई कशी थरथरतेय त्याला बघून." अगं, मोज्यांवर उभी आहे मी बर्फात, थरथरेन नाहीतर काय!

अहो, तुम्ही. नाव काय तुमचं?… नाव विचारतेय, मला आई म्हणता ना, मग सांगा नाव… ओडवार. कुठून आलास, ओडवार?… एवढ्या लांबून? गाडी चालवत? दोन दिवस?

ओडवार, तुझी आई कुठे असते?

नाही, फोनकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. तुझी आई.

…कधी?… वसंतात गेली. कुठे, घरी?… वृद्धाश्रमात. आणि तू?… कामं असतातच रे. सगळ्यांना असतात… म्हणजे गेलाच नाहीस. नंतर तिथे गेलास तेव्हा खोली रिकामी झालेली.

बस. पायरीवर बस खाली. बस म्हणते ना.

सिन्ने, रडतोय तो. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा… मला नाही माहीत काय करायचं. जवळ जायला भीती वाटते आणि गेल्याशिवाय राहवत नाही. ईविन आलाय आत, माझ्यापाशी आहे. कोट घातला त्याने माझ्या खांद्यावर… हो, बरा आहे. काही झालं नाही त्याला. ऐक, बोल त्याच्याशी… नको म्हणतो आत्ता. नजर ओडवारवरच आहे त्याची.

ओडवार, ऐक आता. तो माणूस, जो येत नाही ना, तो माझा नवरा. मेला तो. जाहिरातवाल्यांनी त्याचं नाव काढून टाकलं. कळलं?… हा मुलगा तुझ्यासारखा नाही… तसं नाही म्हणायचं मला. तो येतो, एवढंच सांगतेय. चालू आहे का अजून तो फोन? मग तूच सांग त्यांना. आमचं कोणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील. तुला बघायलाच जमलेत ना ते सगळे? सांग… बोल, "मी चुकलो." एवढंच बोल.

सिन्ने, बोलतोय तो. ऐकू येतंय तुला?… अगदी नीट बोलतोय गं. नवऱ्याचं सांगितलं. नाव कापल्याचं सांगितलं. स्वतःच्या आईचंही… देवा, सगळं सांगतोय तो त्यांना. मला वाटतं संपलं, सिन्ने. मला वाटतं, आता…

काय लिहितायत?

काय? परत वाच.

पैसे चारले? कोणी चारले? ईविनने?… अगं, पण ओडवारलाच तर वीर म्हणत होते ना आत्तापर्यंत! आता तो विकला गेला?… "आईला बोलायला भाग पाडलं"… "मागे उभा राहून धाक दाखवतोय." अगं, कोट घालत होता तो मला!

ओडवार, बंद कर ते. बंद कर! त्यांना खरं नकोय… अरे, तुलाच शिव्या देतायत ते, वाचू नकोस.

हो, सिन्ने, ऐकतेय… तू का थांबलीस? आणखी काय लिहिलंय? सांग ना.

पत्ता? कोणाचा?… तुमचा? तुमच्या घराचा पत्ता? आत्ता टाकलाय?… कधीचा टाकलाय!

दार बघ. कडी लाव आधी. खिडक्या… कसला उजेड?… कुंपणाच्या आत की बाहेर?… किती जण आहेत?

बायकाही आहेत. बरं. बायका आहेत म्हणजे… काय म्हणतायत? मला आवाज येतोय फोनमधून, शब्द कळत नाहीत.

टिरिलला? तिच्या नावाने हाका मारतायत?

"ये बाळ, तुला आजीकडे नेतो"… माझ्याकडे?

नाताळला आजी एकटी राहू नये म्हणून. माझ्याकडे आणणार ते तिला. प्रेमाने… सिन्ने, दार उघडू नकोस! कितीही गोड बोलू देत. केक आणलाय म्हणू देत नाहीतर काही. टिरिल कुठे आहे?… जिन्यात? खिडकीत गेली नाही ना? तिला वर ने, न्हाणीघरात ने, आतून कडी लाव. दाराला टेबल लाव आधी.

ईविन! अरे, घरी जा! लोक जमलेत घरापाशी, टिरिलला मागतायत!… पिशवी टाक ती! ओडवार, ऊठ. ऊठ, गाडी काढ तुझी. ह्याला फेरीच्या धक्क्यावर पोचव. ह्या उतारावरून पळत पोचणार नाही तो. रड नंतर. काढ गाडी!

सिन्ने, निघालेत ते. निघाला ईविन. पण फेरी तुमच्या काठाला असेल गं आत्ता, नाहीतर… अगं पोलीस! पोलीस त्या फेरीत बसलेत. इकडे यायला निघालेत, माझ्यासाठी! मीच बोलावलं. तुमच्या काठावरून उचलून मी त्यांना इकडे…

काय फुटलं ते? कसला आवाज झाला?… काच?

ऐक. ऐक माझं. फोन ठेव. मला पोलिसांना लावायचाय. त्यांना परत फिरवते, नाहीतर चौकीत दुसरं कोणी असेल तर त्यांना तुझ्याकडे धाडायला सांगते… नाही, मी नाही बोलत राहू शकत, पोरी. मला ठेवायलाच हवा. टिरिलला घट्ट धर. सांग तिला, आजीने सांगितलंय, मी स्वतः न्यायला आल्याशिवाय कोणाबरोबर जायचं नाही. कोणाबरोबरच नाही.

ठेव, सिन्ने… ठेव म्हणते ना!

तू नाही ठेवत, तर मी ठेवते.